जुन्या एमएक्स-५ चं कूलंट बदलायचंय? आधी बादलीत किती लिटर आलं ते मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: १९९६ ची युनोस रोडस्टर (माझ्दाची एमएक्स-५ जपानात याच नावाने विकली जायची), १.८ लिटर, जपानहून इंग्लंडात आलेली, तू कॉव्हेंट्रीत सेकंडहँड घेतलीस. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत गंजट तपकिरी पाणी. गॅरेजवाला म्हणतो केमिकल फ्लश मारू, म्हणजे रसायनाने आतून धुऊ, मित्र म्हणतो खालचा प्लग सोड, नवीन कूलंट ओत, विषय संपला. शिवाय कुणीतरी 'कूलंट रीराउट' (इंजिनातून पाणी बाहेर जायचा रस्ता बदलणं) केल्याशिवाय ही गाडी चालवूच नको असं सांगून घाबरवलंय, आणि पुढच्या महिन्यात तुला गाडी घेऊन स्कॉटलंडला जायचंय.

मी कोल्हापुरात गॅरेजमध्ये हात काळे करून इकडे आलो आणि या एनए, म्हणजे पहिल्या पिढीच्या, गाड्यांवर इतकी वर्षं काम करतोय की तिचा आवाज ऐकून सांगेन कुठला क्लॅम्प सैल आहे (बरं, जरा जास्तच बोललो). तर नीट सांगतो, लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, ते तपकिरी पाणी बघून घाबरू नको पण दुर्लक्षही करू नको. या गाडीचं १.८ चं बीपी इंजिन म्हणजे खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. कूलंटमधलं गंजरोधक संपलं की लोखंड गंजायला लागतं आणि तोच गंज पाण्यात उतरतो. कूलंट किलोमीटरवर कमी आणि वर्षांवर जास्त म्हातारं होतं हे लोकांच्या लक्षात येत नाही, ही गाडी हिवाळाभर कव्हर टाकून उभी राहते आणि मालक म्हणतो अरे दोन हजार मैलच तर चालली, कूलंट कशाला बदलू. उभ्या गाडीतही ते संपतच असतं.

पण एक बोट त्या पाण्यात बुडवून बघ. नुसता गंज असेल तर बोटाला खरखरीत बारीक कण लागतात. चिकट, तेलकट, दुधाळ काही लागलं किंवा ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर गोष्ट वेगळी (थंडीत फक्त छोट्या फेऱ्या मारल्या तरी झाकणाला थोडी साय धरते, त्यामुळे दोन्हीकडे दिसलं तरच शंका घे). तशी शंका आली तर फ्लशच्या आधी ब्लॉक टेस्टरने तपास, म्हणजे निळा द्रव असलेली ती नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि निळा रंग पिवळा पडला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय, हेड आणि ब्लॉकमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलेलं आहे. मग कूलंट बदलून काही उपयोग नाही, दोन दिवसांत परत तेच.

आता मित्राच्या सल्ल्याकडे येतो कारण सगळा घोळ तिथे आहे. या गाडीत एकूण ६ लिटर पाणी बसतं. रेडिएटरखालचा प्लग सोडलास की साधारण निम्मं बाहेर येतं. उरलेलं निम्मं ब्लॉकमध्ये, हेडमध्ये आणि डॅशबोर्डच्या मागे असलेल्या हीटरच्या जाळीत बसून राहतं. म्हणजे तू ३ लिटर जुनं काढलंस आणि ३ लिटर नवीन घातलंस तर गाडीत निम्मं जुनं आहेच. परत एकदा केलंस तर पाव उरतं, तिसऱ्यांदा आठवा हिस्सा. कूलंट बऱ्या अवस्थेत असेल आणि नुसती वेळ झाली म्हणून बदलायचं असेल तर ही पद्धत चालते, मी स्वतःही नियमित देखभाल केलेल्या गाडीला एवढंच करतो. पण तुझ्यासारखा गंज असेल तर नवीन कूलंट ओतून ते जुन्या गंजात मिसळणं म्हणजे पैसे गटारात.

आणि इथेच दुसरी चूक होते, जी जास्त महाग पडते. लोक काय करतात, आधी जुनं काढतात, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुतात, पाणी स्वच्छ आलं की खूश होतात, मग बाजारातून आणलेलं तयार ५०-५० मिक्स, ज्यावर 'पाणी घालू नका' लिहिलेलं असतं, ते ३ लिटर ओततात आणि भरलं म्हणून झाकण लावतात. अरे पण आत ३ लिटर साधं पाणी आहे ना अजून! ५०-५० चं ३ लिटर आणि त्यात ३ लिटर पाणी, म्हणजे गाडीत ग्लायकॉल, म्हणजे पाण्याला गोठू न देणारं रसायन, उरलं फक्त २५ टक्के. ५० टक्क्याला उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही, ३३ टक्क्याला उणे १८ च्या आसपास, आणि २५ टक्क्याला उणे १२ ला काम संपलं. स्कॉटलंडच्या डोंगरात जानेवारीत एखादी रात्र तेवढी थंड निघू शकते. आणि गोठण्यापेक्षा मोठी अडचण ही की गंजरोधकही निम्मं झालं, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत परत तेच तपकिरी पाणी.

म्हणून माझं ठरलेलं आहे, धुवायचं असेल तर तयार मिक्स घ्यायचंच नाही. शुद्ध कॉन्सन्ट्रेट घ्यायचं, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट. ६ लिटरची सिस्टिम, ५०-५० पाहिजे, म्हणजे ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आत गेलंच पाहिजे, ते आधी ओतायचं आणि मग उरलेल्या जागेत डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. आत साधं पाणी कितीही राहिलेलं असो, हिशोब बरोबर बसतो. फक्त त्यासाठी बाहेर निदान ३ लिटर आलेलं असलं पाहिजे, नाहीतर कॉन्सन्ट्रेट बसणारच नाही, म्हणून म्हणतो बादलीवर लिटरच्या खुणा कर आणि प्रत्येक वेळी काय आलं ते मोज. अंदाजपंचे काम करायचं नाही. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघायचं, स्वस्तात मिळतो, आणि तो सरळ गोठणबिंदूचा आकडा दाखवतो.

कुणी हुशारी करून म्हणेल मग १०० टक्के कॉन्सन्ट्रेटच घालू, आणखी चांगलं. नाही. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, ५०-५० पेक्षा कितीतरी आधी, आणि उष्णता उचलण्यात ते पाण्यापेक्षा कमी पडतं. उष्णता वाहून नेण्याचं खरं काम पाणीच करतं, ग्लायकॉल पाण्याला गोठू देत नाही आणि उकळू देत नाही. ५०-५० मिश्रण उघड्यावर १०७-१०८ ला उकळतं, रेडिएटरच्या झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. म्हणूनच झाकण हा साधा ढक्कन नाही, तो पार्ट आहे, आणि जुना असेल तर आजच नवीन घे, दहा-बारा पौंडात मिळतो. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक दाब वाढला की जास्तीचं पाणी बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीकडे सोडणारा आणि दुसरा थंड होताना बाटलीतून परत ओढणारा. बाटलीतली पातळी गरम-थंड होताना कधीच हलत नसेल तर समज झाकण मेलंय किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी कुठेतरी फाटलीय.

कुठलं कूलंट? यावर लोक हमरीतुमरीवर येतात. रंगाला काही अर्थ नाही हे आधी डोक्यात पक्कं कर, निळं, हिरवं, लाल, गुलाबी हे कंपनीच्या मर्जीवर आहे. इकडे निळं म्हणजे बहुतेक वेळा जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं, दोन-तीन वर्षांत बदलायचं, आणि लाल-गुलाबी म्हणजे सेंद्रिय आम्लांचं, पाच वर्षं चालणारं, पण हा नियम नाही, डब्यामागचं वाचायचं. जपानी कंपन्या पंपाच्या सीलसाठी सिलिकेट टाळत आल्या आणि फॉस्फेट वापरत आल्या, युरोपातले लोक इथल्या जड पाण्यात फॉस्फेटचा थर धरतो म्हणून ते टाळत आले. तुझ्या १९९६ च्या गाडीला ॲल्युमिनियमला चालणारं, इथिलीन ग्लायकॉलचं, शक्यतो सिलिकेट नसलेलं आणि जपानी गाड्यांसाठी म्हणून विकतात ते कुठलंही चांगलं कॉन्सन्ट्रेट चालेल. माझ्दाचं स्वतःचं एफएल२२ नावाचं कूलंट पुढच्या पिढ्यांसाठी आलं, ते तयार मिक्स येतं, त्यामुळे वरच्या हिशोबात बसत नाही. महत्त्वाचं एकच, दोन जातींची भेसळ नको, आणि जुनं काय होतं माहीत नसेल, तुला तर नाहीच, तर पूर्ण धुऊन एका जातीचं भरायचं.

आता गॅरेजवाल्याचा केमिकल फ्लश. मी सरसकट विरोधात नाही, पण तीस वर्षांच्या इंजिनात पहिल्याच फटक्यात ॲसिड ओतणं मला पटत नाही. कारण साधं आहे, काही ठिकाणी तो गंजच भोक बुजवून बसलेला असतो. ब्लॉकला गोल पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या असतात, कोअर प्लग म्हणतात, त्या आतून झिजून कागदासारख्या झालेल्या असू शकतात, आणि गिअरबॉक्सच्या बाजूची गळायला लागली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे साध्या पाण्यानेही होऊ शकतं म्हणा, पण ॲसिडने आजच होईल. आधी साध्या पाण्याने धुऊन बघ, पाच-सहा वेळा. तरीही लालसर येतच राहिलं, हीटर कोमट राहिला, तर मग सौम्य सायट्रिक ॲसिडवालं क्लीनर, डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ, आणि नंतर भरपूर पाणी. ॲल्युमिनियमचं हेड आहे, रात्रभर ॲसिड ठेवून झोपायचं नाही.

आणि रेडिएटर लीकवरचं ते जादूचं पावडर कधी घालायचं नाही. आपल्याकडे घाटात रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक हळद टाकायचे, ते निदान गावापर्यंत पोचण्यासाठी होतं, पोचल्यावर रेडिएटर उतरवून झाळायला द्यायचे. इथे लोक डबा ओततात आणि पाच वर्षं विसरून जातात, मग हीटरची जाळी बंद पडते आणि या गाडीत ती बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

चल, प्रत्यक्ष काम. गाडी पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी. गरम इंजिनचं झाकण उघडून तोंडावर वाफ घेतलेली माणसं मी पाहिलीत, विषय तिथेच सोडतो. पुढची बाजू उचलून घोड्यांवर, म्हणजे ॲक्सल स्टँडवर, ठेव, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. नाक वर राहिलं की पुढे हवा काढतानाही फायदा होतो, म्हणून काम संपेपर्यंत गाडी तशीच राहू दे. खालचं प्लास्टिकचं पान काढ, बोल्ट गंजलेले असतील, एक-दोन तुटतील, मनाची तयारी ठेव. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. मग रेडिएटरचं झाकण काढ आणि खालचा ड्रेन प्लग हलक्या हाताने सोड. तो प्लास्टिकचा आहे, इतक्या वर्षांनी ठिसूळ झालेला असतो, त्यामुळे नवीन प्लग आणि त्याची रिंग आधीच मागवून ठेव, रविवारी दुपारी तुटला तर दुकान बंद.

ब्लॉकलाही ड्रेनचा बोल्ट आहे आणि पुस्तकात तो सोडा म्हणून लिहिलंय. सुटला तर उत्तमच, सगळ्यात जास्त गाळ तिथूनच येतो. पण बहुतेक गाड्यांत त्याला कधी कुणी हात लावलेला नसतो, जागा अडचणीची, त्यात डोकं गोल झालं तर दिवस गेला. मी आधी भेदक तेल मारून ठेवतो, एकदा नीट सहा बाजूंच्या सॉकेटने प्रयत्न करतो, हलला नाही तर नमस्कार करून पुढे जातो. त्याऐवजी रेडिएटरचा खालचा मोठा होज, म्हणजे रबरी नळी, काढ. तेवढ्याने बरंच उतरतं.

रेडिएटर रिकामा असताना वरच्या प्लास्टिकच्या टाकीकडे नीट बघ. नवीन असताना ती काळी असते. हिरवट-तपकिरी झाली असेल तर प्लास्टिक शिजलंय, आणि ती एक दिवस शिवणीजवळ चिरते, बहुतेक मोटरवेवर. तशी असेल तर फ्लशचे पैसे वाचव आणि थेट रेडिएटर बदल, कारण आज धुऊन नवीन कूलंट भरशील आणि सहा महिन्यांत ते सगळं रस्त्यावर. कोयोसारख्या नावाचा ॲल्युमिनियम जाळी आणि प्लास्टिक टाकीवालाच घेतलास तरी रस्त्यावरच्या गाडीला भरपूर आहे, चकचकीत पूर्ण ॲल्युमिनियमचे स्वस्तातले दिसायला भारी पण वेल्डिंगचा भरवसा नाही. एसीवाली गाडी असेल तर पुढचा कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी, आणि रेडिएटर यांच्या मधे टॉर्च मारून बघ, तिथे पानं आणि माती साचते, आतून कितीही धुतलं तरी हवाच गेली नाही तर थंड होणार कसं. हलक्या पाण्याने धू, प्रेशर वॉशर लावलास तर पत्र्या झोपतील.

धुणं असं कर. इंजिनच्या पुढच्या बाजूला वर थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याचा रस्ता उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं, घर आहे, ते उघडून थर्मोस्टॅट बाहेर काढ, घर परत लाव, म्हणजे पाणी अडणार नाही. वरचा होज रेडिएटरवरून काढून त्यातून बागेच्या नळीने हलक्या धारेने पाणी सोड, खालच्या होजमधून वाहू दे, मग उलट दिशेने. रेडिएटर वेगळा धू, तोही उलटसुलट. हीटरचे दोन होज इंजिनच्या मागे फायरवॉलपाशी जातात, ते काढून हीटर वेगळा धुता येतो, एकातून पाणी, दुसऱ्यातून बाहेर, आणि इथे मात्र धार अगदी हलकी, नळ पूर्ण सोडायचा नाही, त्या जाळीचं वय गाडीएवढंच आहे आणि डॅशबोर्डचं मघाशी सांगितलंच. पहिली धार बहुतेक चिखलासारखी येईल. स्वच्छ येईपर्यंत चालू ठेव.

धुवायला नळाचं पाणी चालेल. शेवटची एक भरणी मात्र डीआयोनाइज्ड पाण्याची कर आणि तीही सोडून दे. इथल्या जड पाण्याने किटलीत जो पांढरा चुना बसतो तोच इंजिनात बसतो. ५ लिटरचे कॅन कुठल्याही मोटर पार्ट्सच्या दुकानात मिळतात, त्यात कंजुषी नको.

त्या हीटरच्या होजना हात लावलाच आहेस तर दाबून बघ. एनएला एक खोड आहे, हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर बसतो, त्याच्या ओरिंगमधून, म्हणजे रबरी कड्यातून, तेल झिरपतं आणि थेट या होजवर पडतं. रबर तेल पिऊन फुगतं, मऊ गिळगिळीत होतं, आणि मग फाटतं. होज मऊ लागले तर होज बदल, आणि आधी तो काही पेन्यांचा ओरिंग बदल, नाहीतर नवीन होजचंही तेच होणार. सेन्सर काढण्याआधी त्याची जागा खुणेने आखून ठेव, तो फिरवला की इग्निशनचं टायमिंग हलतं. बाकी होजही कडक झालेले, टोकाला चिरलेले असतील तर सगळा सेट एकदाच बदल. आणि वॉटर पंप बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर चालतो, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, आणि टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो, त्यामुळे बेल्ट कधी बदलला याची पावती मागच्या मालकाकडे नसेल तर पंप, बेल्ट आणि कूलंट एकाच वेळी कर, एवढं सगळं काढून भरल्यावर दोन महिन्यांनी पंपासाठी परत ओतून देण्यात काय अर्थ.

थर्मोस्टॅट नवीन घाल, जुना परत नको. नवीनही एकदा पातेल्यात गरम पाण्यात टाकून उघडतो का बघायची माझी सवय आहे, बायको ओरडते, पण डब्यातून खराब निघालेले हातात आलेत. नव्वदच्या आत उघडायला लागला पाहिजे. त्यावर एक छोटं हलणारं टाचणीसारखं बटण असतं, ते वरच्या बाजूला यायला हवं, हवा तिथून सुटते. नवीन गॅस्केट, आणि घराचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आहेत, दात खाऊन आवळायचे नाहीत. आपल्याकडची जुनी सवय, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकायचा, ती इकडे आणू नको. नाशिकच्या उन्हाळ्यात ती खपून जाते, इथल्या थंडीत इंजिन कधीच नीट गरम होणार नाही, पेट्रोल जास्त पिईल, तेलात पाणी साठेल आणि हीटर नुसता वारा फेकेल.

आता भरणं. सगळे होज, क्लॅम्प, प्लग परत लाव, मोजलेलं ३ लिटर कॉन्सन्ट्रेट हळूहळू ओत. घाईने ओतलंस तर हवा खाली अडकते. मधेमधे वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल. मग डीआयोनाइज्ड पाणी. तोंडाला बसणारं उंच फनेल मिळतं ते घेतलंस तर आयुष्य सोपं होतं, कारण सगळ्यात उंच जागा फनेलची होते आणि हवा आपोआप तिकडे येते. गॅरेजमध्ये आमच्याकडे व्हॅक्यूमचं यंत्र आहे, सगळी हवा खेचून घेतं आणि मग कूलंट ओढून घेतं, त्याचा दुसरा फायदा म्हणजे कुठे गळती असेल तर व्हॅक्यूम टिकतच नाही, भरायच्या आधीच कळतं. घरी फनेल पुरे.

इंजिन चालू कर, झाकण न लावता, हीटर गरमवर, पंखा मंद. पातळीवर लक्ष ठेव. दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज एकदम गरम लागतो आणि पातळी धपकन खाली जाते, लगेच भर. मग हलकी रेस दे, २००० ते २५०० च्या मधे, दर वेळी थोडे बुडबुडे. रेडिएटरचा पंखा साधारण ९७ अंशाला लागतो. तो एकदा लागून बंद होईपर्यंत, मग परत लागेपर्यंत थांब. दोन वेळा झालं, बुडबुडे थांबले, डॅशबोर्डमधून सारखी गरम हवा येतेय, मग झाकण लाव, बाटली पूर्णच्या खुणेपर्यंत भर.

हवा राहिलीय हे कसं ओळखायचं? डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येतो, उभ्या गाडीत हीटर थंड आणि रेस दिली की गरम, किंवा काटा विनाकारण वरखाली. असं काही असेल तर चालवू नको, थंड करून परत हवा काढ. काट्यावर फार विसंबू नको, तो वर गेलेला दिसतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो, आणि पाणीच नसेल तर सेन्सर वाफ मोजत बसतो. मी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून खात्री करतो. पहिल्या फेरीनंतर गाडी रात्रभर थंड होऊ दे, सकाळी झाकण उघडून बघ, थोडं कमी झालेलं असेल, भर. दुसऱ्या दिवशीही बघ. त्यानंतर कमी होत राहिलं तर ती गळती, हवा नव्हे.

रीराउटचं काय? ते घाबरवणं पूर्ण खोटं नाही. हे इंजिन माझ्दाने मुळात ३२३ सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, आडवं बसवायला बनवलं. १९८९ मध्ये रोडस्टर आली तेव्हा त्याच घराण्याचं १.६ चं इंजिन उभं बसवलं, पुढे १.८ चंही तसंच, आणि पाण्याचा बाहेर जायचा रस्ता पुढच्या बाजूला आणला, जिथे पंपही आहे. म्हणजे पाणी पुढून शिरतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर जातं, मागच्या चौथ्या सिलिंडरला वाहतं पाणी कमी मिळतं, तो थोडा जास्त गरम राहतो. रीराउटमध्ये बाहेरचा रस्ता हेडच्या मागून काढतात. टर्बो लावलाय, दिवसभर ट्रॅकवर पळवतोस, तर कर, पैसे वसूल आहेत. पण साध्या इंजिनच्या, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला गरज नाही, लाखो गाड्या तशाच चालल्यात. तुझ्या गाडीत चौथ्या सिलिंडरचा खरा शत्रू तो गंज आणि अडकलेली हवा आहे, तेवढे काढ. ट्रॅकवरून आठवलं, पुढेमागे ट्रॅक डेला जाणार असशील तर आयोजकांना विचार, सांडलेलं ग्लायकॉल फार निसरडं होतं म्हणून काही ठिकाणी ते चालत नाही.

काढलेलं जुनं कूलंट बंद कॅनमध्ये भर, त्याच दिवशी. चवीला गोड असतं आणि मांजर-कुत्र्यांना थोडंसंही जीवघेणं आहे, शेजाऱ्याचं मांजर तुझ्या बादलीत तोंड घालायला वेळ लागत नाही. रस्त्याच्या कडेच्या जाळीत ओतायचं नाही, ते सरळ नदीनाल्यात जातं. कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला फोन करून विचार, किंवा ओळखीच्या गॅरेजला दे.

आणि स्कॉटलंड. निघायच्या आदल्या रात्री हे काम करू नको, निदान आठवडाभर आधी कर. त्या आठवड्यात रोज गाडी चालव, एकदा तरी तासभर मोटरवेवर, आणि रोज सकाळी थंड असताना पातळी बघ आणि खाली पुठ्ठा टाकून थेंब पडतात का बघ. फ्लशनंतर जुनी गळती उघडी पडायची असेल तर बहुतेक या आठवड्यात पडते. पाण्याचा रंग परत लालसर झाला तर एकदा रेडिएटर सोडून भर, या वेळी मात्र तयार ५०-५० चालेल, कारण आत आता साधं पाणी नाही. डिकीत एक लिटर तेच मिक्स, दोन-तीन मापांचे क्लॅम्प, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि एक जाड टॉवेल ठेव.